आरशाचा घोडा

हे मी आमच्या ह्यांना सांगितलेलं नाही. बहिणीला नाही. देवासमोर हात जोडून उभी असते तेव्हासुद्धा नाही — तिथे तर मी मुद्दाम दुसरंच काहीतरी बोलत राहते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. वाचून झाल्यावर माझ्याबद्दल जे काही वाटेल ते तुमच्यापाशी राहील, मला ऐकावं लागणार नाही.

मी म्हैसूरची. आमचे पूर्वज कधीकाळी इथल्या घोडदळात नोकरीला आले आणि इथलेच झाले. घरात आम्ही मराठी बोलतो, पण ती अशी की चार शब्द मराठी, दोन कानडी, आणि वाक्य कुठल्या भाषेत संपेल ते बोलणाऱ्यालाही ठाऊक नसतं. लिहिताना मी सावरून लिहिते. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. निवृत्त झाल्यावर जयलक्ष्मीपुरमच्या घरामागे पत्र्याची शेड घातली आणि काचेचं काम सुरू केलं. रंगीत काचेचे बारीक तुकडे करायचे आणि आकारावर चिकटवायचे. आधी कुंड्या केल्या, मग कासव, बदक, एकदा शेजाऱ्यांच्या मेलेल्या कुत्र्याची हुबेहूब प्रतिमा.

सपाट भिंतीवर काच कोणीही लावेल. प्राण्याच्या अंगावर लावून दाखवा. पोटाच्या गोलाईवर तुकडा जरा मोठा झाला की त्याचे कोपरे वर येतात आणि हात कापतात. कानाच्या आत नखाएवढा तुकडाही मोठा होतो. आणि केस जसे वळतात तशाच काचेच्या ओळी वळल्या पाहिजेत — मानेवरून खांद्याकडे, खांद्यावरून खाली. नाहीतर घोडा घोडा दिसत नाही, फरशी लावलेली पाण्याची टाकी दिसते. त्या ओळी आधी हाताने आखाव्या लागतात. सगळं काम तिथे असतं.

आता आसावरी.

आसावरी पुण्याची. नवरा म्हैसूरच्याच हेब्बाळ भागातल्या एका मोठ्या कंपनीत, म्हणून ती इथे आलेली. कोणीतरी माझं नाव सांगितलं आणि ती शिकायला आली. हात चांगला होता तिचा, हे मला सांगायलाच हवं. काच कापायची पक्कड धरायला शिकली ती पहिल्याच आठवड्यात. पुण्यातली नोकरी सोडून आली होती, इथे भाषा येत नव्हती, नवरा रात्री उशिरा यायचा. माझ्या शेडमध्ये आली की तिचा चेहरा उजळायचा. मी तिला पोटच्या पोरीसारखं — नाही, हे मी आत्ता रचते आहे. मला शिष्या हवी होती. चारचौघांत मिरवायला.

मग घोड्याचं काम आलं. कंपनीला आपल्या आवारात, कारंज्याजवळ, काचेचा घोडा हवा होता. काम तिच्या नवऱ्याच्या ओळखीने आलं, म्हणजे तिच्या नावावर. पण ती धावत माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, आपण दोघी करू." फायबरचा पांढरा घोडा टेम्पोतून शेडमध्ये उतरला, शिंगराएवढा. मी त्याच्या अंगावर ओळी आखल्या. कितीतरी दिवस नुसत्या ओळी — पुसून, पुन्हा आखून. ती म्हणाली, कपाळ, आयाळ आणि छाती आरशाची करू, बाकी रंगीत. ती कल्पना तिची, आणि चांगली होती. तेही मान्य.

पाय झाले, पोट झालं, पाठ झाली. मग कंपनीतला एक अधिकारी काम बघायला आला. घोड्याच्या खांद्यावरून त्याने हात फिरवला — कुठेही बोचलं नाही त्याला — आणि विचारलं, या ओळींचं वळण कोणी काढलं? आसावरी म्हणाली, "मीच. लहानपणी खूप घोडे पाहिलेत मी." मग माझ्याकडे वळून, अगदी गोड आवाजात, "आणि या सुधाताई. मला काच कापून देतात."

मी काय केलं असेल? हसले, आणि त्याच्यासाठी कॉफी करायला आत गेले.

तेवढ्यावर थांबलं असतं तर मी कदाचित विसरले असते. तसं मी म्हणते, खरं काय ते मलाही माहीत नाही. पण त्याच चैत्रात तिच्याकडे हळदीकुंकू होतं. पुण्यामुंबईकडच्या दहाबारा बायका, सगळ्या नवऱ्यांच्या नोकऱ्यांमागे आलेल्या. कैरीची डाळ, पन्हं. मी आमच्या पद्धतीची कोसंबरी, म्हणजे मूगडाळीची कोशिंबीर, डबा भरून नेली होती. हात धुवायला आत गेले आणि बाहेरून तिचा आवाज ऐकला. आवाज तिचा, बोलणं माझं. "अय्यो, सुम्ने काच कापायची, स्वल्प कॉफी प्यायची, मत्ते आणिक काच कापायची, अल्वा?" माझा हेल, माझं मान हलवणं — ते मला दिसत नव्हतं, पण हसण्यावरून कळलं. कोणीतरी म्हणालं, "अगं, ही मराठी आहे की काय आहे!" आणि पुन्हा हसू फुटलं.

मी हात पुसून बाहेर गेले. तिने मला पन्ह्याचा दुसरा पेला दिला. मी तो संपवला.

आता तुम्ही म्हणाल, एवढंसं ते. नक्कल तर केली, कोण करत नाही? बरोबर आहे तुमचं. पण माझ्या अंगाची त्या दिवशी जी आग झाली, ती आजही — खोटं कशाला बोलू — आजही विझलेली नाही. माझ्या ओळी घेतल्या त्या घेतल्या, वर माझी जीभ बायकांना चाखायला दिली.

राहिला होता आरसा. कपाळ, आयाळ, छाती. फायबरवर आरसा चिकटवायला सिलिकॉन लागतं, आणि ते दोन जातींचं मिळतं. एकाला वास नसतो. दुसरं उघडलं की आंबट वास येतो आणि ते आरशामागचा मुलामा हळूहळू खातं. लगेच काही दिसत नाही. काही महिन्यांनी मागून काळे डाग वर येतात आणि पसरत जातात. हे काचेचं काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. आसावरीला नव्हतं, कारण आरशाचं काम मी तिला अजून शिकवलं नव्हतं.

आम्ही दोघी संतेपेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले की मी ठरवून गेले नव्हते, तिथे जाऊन बुद्धी फिरली. हे खोटं आहे. मी ठरवून गेले होते. रिक्षात बसल्या बसल्या ठरवलेलं होतं. मी आंबट वासाच्या नळ्या मागितल्या. दुकानदाराने त्या काढून ठेवल्या, आणि आसावरीने — बिचारीला वाटलं आपणही काही सांगावं — पिशवीतून आरशाचा तुकडा काढून त्याला खुणेने दाखवला, यासाठी हवंय म्हणून. त्याने तुकडा पाहिला, नळ्या मागे ओढल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "कन्नडिगे इदु बेड अम्मा, कप्पागुत्ते." आरशाला हे नको, काळा पडेल.

इतकं स्पष्ट. ती माझ्या शेजारी, खांद्याला खांदा लावून उभी होती.

तिने विचारलं, "काय म्हणतोय तो?"

मी म्हणाले, "म्हणतो, चांगला माल आहे, घेऊन जा." आणि दुकानदाराला कानडीत सांगितलं की आरशाचं वेगळं आहे, हे आमच्या न्हाणीघरासाठी.

इतकी वर्षं या गावात राहून तिने भाजीवाल्याशी बोलण्यापुरतीही कानडी शिकून घेतली नव्हती. ज्या भाषेचं तिला खिक्कन हसू येत होतं, त्या भाषेत तिला कोणी तोंडावर वाचवत होतं आणि तिला कळत नव्हतं. त्या क्षणी मला काय वाटलं सांगू? गार वाटलं. पोटापर्यंत गार.

शेडमध्ये तिने नळी उघडली आणि नाक मुरडून म्हणाली, "ताई, लोणच्यासारखा वास येतोय." मी म्हटलं, "जाईल तो." एकेक तुकडा ती जीव लावून बसवत होती आणि मी तिला कापून देत होते. तिनेच सांगितलं होतं ना, काच कापून देते म्हणून?

दसऱ्याआधी घोडा आवारात उभा राहिला. ऊन पडलं की त्याच्या कपाळाकडे बघवत नव्हतं. तिचे फोटो निघाले, आणखी दोन कामांची बोलणी सुरू झाली. मी टाळ्या वाजवल्या. आणि वाट पाहिली.

संक्रांतीच्या सुमाराला पहिले डाग आले. उन्हाळ्यापर्यंत कपाळ, छाती, सगळी आयाळ काळ्या ठिपक्यांनी भरली. तिथले सुरक्षारक्षक त्याला घोडा म्हणेनासे झाले, 'चिरते' म्हणायला लागले, म्हणजे बिबट्या. तो शब्द मात्र तिला कोणीतरी समजावून सांगितला. कंपनीने घोड्यावर ताडपत्री टाकली, मग एका दिवशी उचलून नेला. बोलणी चाललेली दोन्ही कामं गेली.

ती माझ्या शेडमध्ये येऊन जमिनीवर बसली आणि हमसून रडली. "ताई, माझं कुठे चुकलं? खरं सांगा, मी सगळं तुम्ही सांगितलं तसंच केलं." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, "आरशाला एकेकीचा हात सोसत नाही गं. लोणचं नाही का, एखादीचा हात लागला की नासतं? तसं. त्याला इलाज नाही." असं काही नसतं. मी ते तिथल्या तिथे बनवलं. तिने आपले दोन्ही तळवे उलटेपालटे करून पाहिले. जाताना आपली पक्कड मला देऊन गेली, आणि मी ती घेतली. चांगली पक्कड आहे, धार अजून गेलेली नाही.

पुढे ती दोघं पुण्याला परत गेली. तिला वाटतं, त्या वाईट दिवसांत म्हैसूरमध्ये एकटी मीच तिच्या पाठीशी उभी राहिले. दर गुरुपौर्णिमेला तिचा फोन येतो. मी आशीर्वाद देते.

गेल्या वर्षी तिचा फोन मध्येच आला, अवेळी. तिच्या मुलीच्या शाळेत अंगणासाठी काचेचा मोर करायचा आहे आणि मुख्याध्यापिकेने तिलाच विचारलं आहे. मुलगी हट्ट धरून बसली आहे. मग ती हळूच म्हणाली, "पण माझ्या हातात दोष आहे ना, ताई. मी नको म्हणून सांगितलं. बरोबर केलं ना?"

तिला अजून करायचं होतं. आवाजात ऐकू येत होतं ते, माझ्या एका वाक्यासाठी ती थांबली होती. दोष तुझ्या हातात नाही, एवढंच म्हणायचं होतं. बाकी काही कबूल करायचीही गरज नव्हती.

मी म्हटलं, "बरं केलंस."

मग फोन ठेवला, पानं घेतली, आणि त्या दुपारी दोन घास जास्तच जेवले.