टाकीच्या माथ्यावर

आमच्या यांना कारखान्यात सगळे टेपवाले म्हणतात. खाद्यतेलाच्या उंचच उंच टाक्या, बाहेरून गोल फिरत गेलेला लोखंडी जिना. त्यावरून माथ्यावर जायचं, झाकण उघडायचं, पितळी वजन लावलेली टेप आत सोडायची. वजन तळाला टेकलं की वर ओढायची आणि कुठवर तेल लागलंय ते वाचायचं. लग्न झाल्यापासून यांचं हेच काम. स्वभाव असा, की विचारल्याशिवाय तोंडातून शब्द फुटायचा नाही आणि विचारलं तर नुसतं 'हं'. घरात मी एकटीनं किती बोलायचं? तरी बोलते.

गेल्या महिन्यात टाक्यांवर यंत्रं बसली. तेल किती, ते आता खाली ऑफिसातच दिसतं. मला घोर लागला, या वयात यांना कोण विचारणार? हे मात्र त्या दिवशी मागून मागून जेवले. म्हटलं, माणूस आहे की दगड.

मग एका संध्याकाळी यांचे सुपरवायझर घरी आले. भला माणूस, यांच्यावर फार जीव. म्हणाले, तुम्हाला खाली पिंपं भरायच्या नळांवर टाकत होते, पण मी साहेबांशी भांडलो. यंत्राची खात्री करायला रोज हातानं माप घ्यायचं ठरलंय, निवृत्त होईपर्यंत टेप तुमच्याच हातात. माझा जीव भांड्यात पडला. यांचा चेहरा मात्र पांढराफटक.

"मला नळांवरच टाका," हे म्हणाले. "मला वर भीती वाटते."

सुपरवायझरांना थट्टाच वाटली, ते हसले. हे हसले नाहीत. पहिल्या दिवसापासून पाय लटपटतात, म्हणाले. खाली बघितलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. वारा सुटला की कठडा सोडवत नाही, मग एका हातानंच टेप सोडायची.

माझा असा संताप झाला म्हणून सांगू! पाहुण्यांसमोरच यांना फैलावर घेतलं. इतकी वर्षं एका घरात राहतो, आणि मला सांगायला काय झालं होतं?

"तू जाऊ दिलं नसतंस," हे म्हणाले. "पोरी लहान होत्या."

सुपरवायझर मान खाली घालून म्हणाले, उद्याच साहेबांशी बोलतो. खरंच नसतं जाऊ दिलं मी. दारातच आडवी झाले असते.