डाव्या बाजूचा ब्रेक

मेलेल्या माणसाची गाडी घेऊ नको, असं आई म्हणाली तेव्हा मी तिच्यावर खेकसलो. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे असल्या बोलण्यावर खेकसणं हे मला माझं कर्तव्यच वाटतं. शिवाय दुसरा मार्गही नव्हता. बाबांना लकवा होऊन दोन महिने झाले होते. उजवं अंग लुळं पडलं होतं, वाचा गेली होती. आठवड्यातून तीनदा त्यांना अनसिंगहून वाशीमला व्यायामासाठी न्यावं लागे, आणि काळीपिवळी जीपमध्ये त्यांना उचलून बसवताना लोक ज्या नजरेनं बघत, ती मला सोसवत नव्हती.

माझ्या ऐपतीत एकच गाडी बसली. मंगरूळपीरला गाडी चालवायला शिकवणारे एक मास्तर होते, ते वारले. त्यांची जुनी छोटी गाडी वर्षभर पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. किल्ली देताना त्यांची बायको म्हणाली, "डाव्या सीटवर तेच बसत जात. तेवढी सीट बदलून घ्या, भाऊ." मी हो म्हटलं आणि बदलली नाही. सीट चांगली होती.

गावातल्या मेकॅनिकनं गाडी पंधरा दिवस ठेवून घेतली. जिथं पत्रा सडला होता तिथं त्यानं तेलाच्या डब्याचा पत्रा कापून वेल्डिंग केलं. बंपर दुसऱ्याच गाडीचा, हेडलाइट तिसऱ्याच. बाबांना बसता-उठताना सोपं जावं म्हणून डाव्या सीटखाली लाकडी फळी टाकून ती उंच केली, आणि धरायला नळाच्या पाइपाचा दांडा जोडला. शिकवणीच्या गाडीला डावीकडे मास्तरांसाठी जास्तीचा क्लच आणि ब्रेक असतो. तिथून दाबलं की ड्रायव्हरच्या पायाखालचं पेडलही सोबत खाली जातं. ते दोन्ही काढून टाक, असं मी सांगितलं होतं. क्लच त्यानं काढला, कारण तो दुसऱ्या कुणाच्या गाडीला लागणार होता. ब्रेकपाशी मात्र त्याचा हात थांबला.

"चालू वस्तू काहून काढता सर? मी त्याले वर बांधून देतो. हालनार नाही."

त्यानं ते पेडल सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं वर ओढून आवळलं. आमच्याकडे गळका पाइप, मोडका पलंग, मोटरसायकलवरचा गॅस सिलिंडर, सगळं ट्यूबनंच बांधतात. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

पहिल्या दिवशी बाबांना डाव्या सीटवर बसवलं. तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस, जन्मभर उजवीकडे बसलेला. आईनं त्यांच्या पायांवर घोंगडी टाकून कडेनं नीट खोचली. लकव्याच्या अंगाला वारं लागू द्यायचं नाही, ही गोष्ट आमच्याकडे डॉक्टरच्या शब्दापेक्षा पक्की. कितीही उकडो, घोंगडी कमरेपासून थेट खाली चपलेपर्यंत.

गावाबाहेर चार-पाच किलोमीटर गेलो असू. नवा सिमेंटचा रस्ता, सकाळचे साडेनऊ, पुढे-मागे कुणी नाही. माझा पाय अॅक्सिलरेटरवर होता आणि शेजारचं ब्रेकचं पेडल आपोआप खाली गेलं. धक्का नाही, कचका नाही. कुणी समजून-उमजून दाबावं, तसं सावकाश गेलं. मी घाबरून क्लच दाबला आणि गाडी कडेला घेतली. दोन्ही बाजूंना नुसतं सोयाबीन. मी माझ्या पायांकडे बघत बसलो. थोड्या वेळानं पेडल तसंच सावकाश वर आलं.

"काहून थांबवली रे?" आईनं मागून विचारलं.

"मी नाही थांबवली."

हे बोलायला नको होतं. परत येताना तसंच झालं तेव्हा ती मागच्या सीटवर हुंदके द्यायला लागली.

बाबा नसताना गाडी कधीच थांबली नाही. मेकॅनिकनं चारही चाकांचे ब्रेक खोलले, ब्रेकचा एक सिलिंडर बदलला, ट्यूबची गाठ पाहिली. गाठ जशीच्या तशी होती. तो एकटा वाशीमला जाऊन आला. "गाडीत काहीच फॉल्ट नाही सर," तो म्हणाला आणि उगाच पाना पुसत बसला. मग म्हणाला, "मास्तर लय कडक होता. मी बी त्याच्याच हातचा शिकेल हाय. पोट्टं चुकलं का डावीकून ब्रेक दाबे. बोले काहीच नाही."

मी हसलो.

ठिकाणं ठरलेली होती. एक नाल्यावरच्या पुलाच्या अलीकडे, एक पाण्याच्या टाकीपाशी, आणि तिसरं जिथं काहीच नव्हतं तिथं. या तिसऱ्या जागी सगळ्यात जास्त वेळ जाई. एकदा तर मी इंजिन बंद करून बसलो. आईनं गाडीला लिंबू-मिरची बांधली, मग चारही चाकांखाली लिंबं ठेवली, आणि मी, विज्ञानाचा शिक्षक, ती मुकाट्यानं चिरडली. पेडल खाली जायच्या आधीच माझ्या तळव्याला कळायला लागलं होतं. मनातल्या मनात मी विचारू लागलो होतो, मास्तर, माझं काय चुकलं?

तिकडे वाशीमला डॉक्टर दर वेळी बाबांचा उजवा पाय उचलून सोडत आणि तो ओंडक्यासारखा पडे. अजून दोन आठवडे बघू, नाही तर उगाच आणत जाऊ नका, असं ते म्हणाले. खरं सांगायचं तर मला पायाचं एवढं नव्हतं. बाबा आत आहेत की नाहीत, मला ओळखतात की नाही, एवढंच मला कळायला हवं होतं. मी घास भरवताना त्यांची नजर माझ्यातून आरपार भिंतीवर जाई. हे आईशीही बोलता येत नव्हतं.

एक दिवस आईला ताप आला म्हणून मी एकटाच त्यांना घेऊन निघालो. गडबडीत घोंगडी घरी राहिली. तिसरी जागा जवळ आली तशी मी डावीकडे पाहिलं. त्या सीटकडे चोरून बघायची मला सवयच लागली होती. आणि मी पाहिलं की बाबांचा तो उजवा पाय, नखं वाढलेला, मेलेला पाय, जमिनीवरून उचलला गेला, पुढे सरकला आणि पेडलवर बसला. ट्यूबची पट्टी ताणली गेली. शेवटी रबरच ते. चेहऱ्यावर काही नव्हतं, डावा हात मांडीवर पडलेला. मास्तरांच्या भुताला मी इतका भ्यालो नव्हतो, इतका त्या पायाला भ्यालो.

भीती ओसरल्यावर डोकं चालू लागलं. रस्ता रुंद झाला, झाडं गेली, थांब्यांच्या पाट्या गेल्या. पण पूल, टाकी आणि ही जागा, तिन्ही जुने बसथांबे होते. तिसरा तर आमचाच. आमचं घर तेव्हा शेतात होतं. वाशीमच्या कॉलेजला जायला मी पांदणीनं, शेतांमधल्या गाडीवाटेनं, धावत या फाट्यावर यायचो, रोज उशिरा, आणि रोज बाबांची एसटी उभी मिळायची. मला ते माझं नशीब वाटायचं. बाबा माझ्याकडे ढुंकूनही बघत नसत. मी इतरांसारखं तिकीट काढून उभा राही, आणि त्याचा राग मी कितीतरी वर्षं मनात धरून होतो.

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी बाबांना पाय उचला म्हटलं, दहा वेळा म्हटलं. पाय हलला नाही. डॉक्टरांनी मला पाणी प्यायला दिलं.

मग पुढच्या खेपेला मी मेकॅनिकला गाडी चालवायला सांगितलं. ब्रेकला पाय लावू नको, एवढंच बजावलं. आई मागे बसली. मी काळीपिवळीनं पुढे जाऊन फाट्यावर उभा राहिलो. गाडी तिथं थांबणार होतीच. कुणासाठी थांबते, ते मला बघायचं होतं.

गाडी आली, वेग उतरला, बरोबर माझ्यापाशी उभी राहिली. मी खिडकीत वाकलो. "बाबा." त्यांनी पाहिलं नाही. मी मागचं दार उघडून आईजवळ बसलो. मेकॅनिकनं गिअर टाकला. गाडी कण्हली आणि जागची हलली नाही.

"कोनाची वाट पाहून राह्यले हे?" आई हळूच म्हणाली.

मी पुढे वाकून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, बसलो मी. चला." खांदा थंड होता. त्यांची नजर डावीकडच्या आरशात होती. आरशात मी नव्हतो, आई नव्हती. आरशात पांदण होती, शेवटपर्यंत रिकामी, आणि ते तिच्याकडे बघत होते.

मी दार उघडून खाली उतरलो. आई हाक मारत होती. पांदणीनं शंभर-दीडशे पावलं मागे गेलो. वळलो आणि धावत सुटलो. पन्नाशीचं शरीर, गुडघे बोंबलत होते, एक चप्पल चिखलात राहिली. मी रडत होतो आणि थांबत नव्हतो, कारण ते थांबले होते. येऊन मागच्या सीटवर पडलो, दार ओढलं.

बाबांची नजर आरशातून निघून समोरच्या रस्त्यावर गेली.

"सुटला ब्रेक," मेकॅनिक म्हणाला.