देवदाराचं छत

बाबांनी उभी उमर चिखल्याच्या खाणीत जमिनीखाली काढली, आणि रिटायर झाल्यावर खोलीत झोपायला काही केल्या तयार नव्हते. ऐन थंडीतही खाट ओसरीवर. खोकून खोकून जीव अर्धा व्हायचा, डॉक्टरांनी बाहेर झोपायला साफ मनाई केली होती, पण ऐकतील तर शपथ. "टिनाखाली उन्हाळ्यात भट्टी अन् हिवाळ्यात बर्फ," हे ठरलेलं उत्तर.

मी सुतार. म्हटलं, टिन दिसणारच नाही असं करतो. नागपूरच्या एका कामातून देवदाराचे जाड पाट उरले होते, ते घेतले. तुमसरच्या आरामशीनवर चिरले, रंधा मारून फळ्या केल्या. एका काठाला खाच, दुसऱ्याला त्या खाचेत बसेल अशी जीभ. आमच्याकडे सारं काम सागवानाचं. देवदार हाताला मऊ, आणि वास असा की बायको दोनदा येऊन उगाच फळीला नाक लावून गेली. लाकडाला तिथली हवा लागावी म्हणून पंधरा दिवस फळ्या त्याच खोलीत ठेवल्या. मग भिंती फळ्यांनी मढवल्या, टिनाखाली फळ्यांचं छत झालं. मी स्वतःवरच खूश.

बाबा दारात आले आणि काठीने छताची पहिली फळी ठोकली. कान देऊन ऐकलं, एक पाऊल पुढे, मग दुसरी. खाणीत असंच असतं, जेवढं छत ठोकून ऐकलं तेवढ्याखालीच जायचं. कोपऱ्यात ते थांबले.

"हे वेगळं बोलून राहिलं."

माझं डोकं फिरलं. "बाबा, हे लाकूड हाये, गोटा नाही."

"डोक्यावरच हाये ना?" म्हणाले आणि ओसरीवर जाऊन पडले.

दोन दिवस मी तोंड फुगवून होतो. राग त्यांचा नव्हता, चोरी पकडल्याचा होता. त्या कोपऱ्यात फळी तोकडी पडली होती आणि मी जोड, फळ्या जिच्यावर ठोकतात त्या मागच्या पट्टीवर न घेता अधांतरीच मारला होता. कोण पाहतो, म्हटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो खोकला ऐकवेना. एका फळीसाठी भिंतीपासूनच्या नऊ ओळी उतरवाव्या लागल्या, कारण जीभ खाचेत अडकलेली. पट्टी घातली, सगळं पुन्हा चढवलं आणि दुपारी बाबांना बोलावलं.

त्यांनी काठी माझ्या हातात दिली. "तू ठोक. मी आयकतो." खाट आत ओढून ते आडवे झाले. मी दारापासून सुरुवात केली. एकेक फळी ठोकत, ते काय म्हणतात याची वाट पाहत पुढे सरकलो. कोपरा यायला अजून अर्धी खोली होती. मागे वळून पाहिलं, तर बाबा घोरत होते.