कासऱ्याचा दर

पालीच्या बंकटला कुणी विचारलं, "काय धंदा करतोस बे?" तर तो छाती काढून सांगायचा, "लॉन कापतो." आता बोला! ज्या जिल्ह्यातली माणसं ऊस तोडायला सहा-सहा महिने मुलूख सोडतात, तिथं हा बाबा गवत कापून वर पैसे घेतो म्हटल्यावर पारावरची माणसं हसतील नाही तर काय? "गवत वाळवायचं न्हाई, विकायचं न्हाई, नुसतं कापायचं, अन् मालकानं उलट पैसे द्यायचे? येडी हायत का काय बीडची माणसं?" बंकट म्हणायचा, "येडी न्हाईत, हौशी हायत."

हा धंदा त्याला सुचला तो एका सहकारी सूतगिरणीमुळं. बंकट आणि त्याचा जोडीदार वैजिनाथ, दोघंही तिथं माळी. गिरणीतून सूत किती निघालं ते देवच जाणे, पण हिरवळ काय राखली होती! चेअरमन आले की खुर्च्या हिरवळीवर, पाहुणे आले की चहा हिरवळीवर, वार्षिक सभेतली भांडणंसुद्धा हिरवळीवरच. एक दिवस गिरणी बसली. सगळं भंगारात निघालं, तेव्हा गोल पात्यांच्या, हातानं ढकलायच्या दोन मशिनी ह्या दोघांनी भंगारवाल्याच्या हातापाया पडून सोडवल्या.

दोघं म्हणजे अगदी दोन तऱ्हा. बंकट तोंडाळ. समोरच्याला बोलण्यात गुंगवून चहा उपटणारा. वैजिनाथ पेठ बीडात भाड्याच्या खोलीत राहणारा लिंगायत, गळ्यात लिंग, तोंडात शब्द मोजके, पण निघालेला शब्द परत घ्यायची सवय नाही. बंकट त्याला चिडवायचा, "वैजू, आपली बी संस्थाच हाय बे. मी चेअरमन, तू व्हाईस चेअरमन, अन् सभासद एकूण दोन." वैजिनाथ गालात हसायचा आणि पात्यांना तेल घालत बसायचा.

संस्था निघाली खरी, पण दर कुणी ठरवायचा? मालकानं विचारावं, "किती घेणार?" आणि ह्यांनी मान खाली घालून म्हणावं, "द्या समजून." आपल्याकडची ही रीतच. तोंडानं आकडा काढायची लाज वाटते. मग एक डॉक्टरीणबाई समजून चहा-बिस्किट देत, एक वकील समजून जुना शर्ट देत. एका इंजिनिअरनं तर दोघांना समजून नुसता आशीर्वाद दिला. त्या दिवशी वैजिनाथचं डोकं फिरलं.

"बंकट्या, हे समजणं बंद. दर पायजे."

"कशावर लावायचा? फाटक बघून लावू. मोठं फाटक, मोठा दर."

"फाटक कापतो का तू?"

कंकालेश्वराच्या कुंडाच्या पायऱ्यांवर बसून ही सभा चालली होती. घामावर लावावा, तर बंकटला घाम लई येतो. वेळेवर लावावा, तर बंकट गप्पा लई मारतो. शेवटी बंकटच्या पिशवीतून गाईचा कासरा बाहेर पडला, बाजारातून नवाच घेतलेला. वैजिनाथनं तो हातात घेऊन ताणून बघितला. एक कासरा लांब, एक कासरा रुंद, एवढ्या हिरवळीला पन्नास रुपये. डॉक्टर असो, वकील असो, नाहीतर खुद्द चेअरमन. त्यानं कासऱ्याचे दोन सारखे तुकडे केले, ह्यापुढं हाच आपला कासरा म्हणत एक स्वतःच्या पिशवीत घातला, एक बंकटच्या. गाईला नवा कासरा काही मिळाला नाही.

मग वैजिनाथ उठून देवळात गेला आणि बेलाची दोन पानं घेऊन आला. "उचल. तुझा दर तोच माझा, माझा दर तोच तुझा. ह्यात फरक न्हाई."

"आरं, पन्नास रुपड्यांसाठी बेलाची शपथ कावून?"

"संस्थेचा ठराव हाय न्हवं?" वैजिनाथ म्हणाला. बंकटनं हसत हसत बेल उचलला. वैजिनाथनं उचलला तेव्हा तो हसत नव्हता. ते बंकटनं बघितलं होतं आणि तिथंच सोडून दिलं होतं.

त्यानंतरची चार-पाच वर्षं मोठी सुखाची गेली हो! लोकांना कासऱ्याची गंमत वाटायची. मालकच कासऱ्याचं दुसरं टोक धरून उभे राहायचे. त्यात बार्शी रोडला अर्जुनरावांनी लग्नाचं लॉन्स काढलं. अर्जुनराव म्हणजे बडं प्रस्थ, दोन सोसायट्या आणि एक पतसंस्था खिशात. त्यांची हिरवळ एवढी मोठी की दोघांनी दोन टोकांनी सुरुवात करायची आणि मधे भेटून तंबाखू मळायची. कापलेल्या गवताचा ढीग अर्जुनरावांचा माणूस मागच्या उकिरड्यावर नेऊन टाकायचा. वैजिनाथच्या दोन्ही पोरी शाळेला लागल्या. बंकटची जुनी गाय गेली, तेव्हा त्याच्या बायकोनं, छबुबाईनं, माहेरहून दुसरी आणली, पांढऱ्यावर तांबडे ठिपके असलेली, म्हणून ठिपकी.

आणि मग ते दोन हजार बाराचं वर्ष आलं. पाली म्हणजे बिंदुसरा धरणाच्या उशाला असलेलं गाव, पण त्या साली धरणात पाणी कमी आणि चिखलाच्या भेगाच जास्त. बोअर आटले. बीडातल्या हिरवळी एकेक करत काथ्यासारख्या झाल्या. डॉक्टरांनी तिथं फरशी टाकली. हिरवी राहिली ती अर्जुनरावांची आणि आणखी दोन-तीन बड्यांची, टँकरच्या जिवावर. माणसांना हंडाभर पाणी मिळत नव्हतं आणि लग्नाच्या फोटोत मागं हिरवं दिसावं म्हणून इकडं टँकर रिते होत होते. कुणाला काय बोलायचं!

अर्जुनरावांनी दोघांना बोलावलं. "यंदा लग्नं कमी हायत. अर्ध्या दरात करा."

वैजिनाथ शांतपणे म्हणाला, "दर म्हंजे दर, मालक. कमी करायचा तर दोघांनी बेल उचललाय, तो कसा खाली ठेवायचा?"

"मग बघा तुमी. मला माणसं मिळतील."

"मिळू द्या," वैजिनाथ म्हणाला आणि चालू लागला. वाटेत त्यानं बंकटला एवढंच सांगितलं, "आठ दिस कळ काढ. मशीन दुसऱ्या कुणाकडं हाय बीडात? बोलावतील." आणि खरंच, बोलावलंच असतं. हिरवळ वाढत होती, लग्नाची तारीख जवळ येत होती.

पण बंकटच्या दारात ठिपकी होती. कडबा असा महागला होता की पेंढीला हात लावायची सोय नव्हती. चारा छावणी उघडणार उघडणार म्हणून नुसती आवई होती. ठिपकीची बरगडी न् बरगडी मोजून घ्यावी, आणि त्यातच ती गाभण. सकाळी उठायला तिला शेपटाकडून धरून टेकू द्यावा लागायचा. छबुबाई तिच्या तोंडाशी आपल्या ताटातली भाकरी धरायची आणि पदरानं डोळे पुसायची. त्या बाईनं नवऱ्याला एक शब्द बोल लावला नाही. बोल लावला असता तर बरं झालं असतं, निदान बंकट भांडला असता, थांबला असता.

चौथ्या दिवशी तो एकटाच बार्शी रोडला गेला. "मालक," तो म्हणाला, "पैशे ऱ्हाऊ द्या. कापून देतो. गवत तेवढं घिऊन जातो."

अर्जुनरावांनी त्याच्याकडं क्षणभर बघितलं. एवढा स्वस्त सौदा त्यांना साऱ्या राजकारणात कुणी दिला नसेल. "ने की," ते म्हणाले.

सायकलवर गवताचं ओझं लादून येताना बंकट स्वतःची समजूत घालत होता. आपण दर कुठं मोडला? कमी पैसे घेतले असते तर मोडला असता. आपण पैसे घेतलेच नाहीत! काय पण डोकं चालवलं गड्यानं! बेलाला वकिली शिकवायला निघाला. पण ठिपकीनं त्या ओल्या गवतात तोंड घातलं, तिच्या चघळण्याचा आवाज ऐकून छबुबाई पहिल्यांदा हसली, आणि बंकटला वाटलं, जाऊ दे, देवाला कळतं.

"वैजूभावजींना सांगितलं न्हवं?" तिनं विचारलं.

"सांगितलं," बंकट म्हणाला.

गोष्ट अशी कधी लपते का? अर्जुनरावांनी ती चार जणांत हसत हसत सांगितली. आठवड्यात सगळ्या टँकरवाल्या हिरवळींचा दर तोच झाला. वैजिनाथ एका बंगल्यावर कासरा घेऊन गेला, तर फाटकातूनच बाई म्हणाल्या, "तुमचा चेअरमन तर नुसत्या गवतावर कापतो की हो!"

वैजिनाथनं कासरा घडी करून पिशवीत ठेवला. म्हणाला, "त्याचा दर तोच माझा." आणि त्यानं ती सबंध हिरवळ कापून दिली. एक रुपया मागितला नाही.

संध्याकाळी तो पालीत आला. डोक्यावर गवताचं ओझं. बंकट ओट्यावर बसला होता, तो उठून उभा राहिला. वैजिनाथनं ओझं ठिपकीच्या पुढ्यात टाकलं.

"हे घे. तुझ्या दरानं कापलंय. माझ्या घरी बी खाणारी तोंडं हायत बंकट्या, पण ती गवत खात न्हाईत."

"वैजू, गाय मरत होती बे..."

"मला कावून न्हाई सांगितलं?" वैजिनाथचा आवाज चढला नाही, हेच वाईट. "ते गवत अर्जुनराव उकिरड्यावर टाकतोय आजवर. आठ दिसांनी त्यानं आपल्याला बोलावलं असतं, पुरा दर दिला असता, अन् गवत तर कुणी बी नेलं असतं. मी माझ्या डोक्यावर आणून टाकलं असतं तुझ्या दारात. पैशे बी आले असते, गाय बी जगली असती. तू फक्त मागायचं हुतं. त्याला न्हाई, मला."

छबुबाई दारात उभी होती. आपल्या नवऱ्यानं काय सांगितलं नव्हतं ते तिला तिथंच कळलं. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. वैजिनाथनं तो घेतला, पाणी प्यायला, "येतो वहिनी," म्हणाला आणि गेला. त्याच महिन्यात बायकोला, शिवकांताला आणि दोन्ही पोरींना घेऊन तो पुण्याला गेला, कुठल्याशा सोसायटीत रखवालदार म्हणून. मशीन त्यानं भंगारात घातली.

ठिपकी जगली. पुढच्या साली पाऊस बरा झाला, तिला कालवड झाली. छबुबाईनं पहिल्या चिकाचा खरवस केला, वाटीभर बाजूला काढून ठेवला, आणि मग तो कुणाला द्यायचा होता ते आठवून तशीच चुलीपुढं बसून राहिली.

बीडात पुन्हा हिरवळी झाल्या. डॉक्टरांनी फरशी उखडली. बंकट कासरा घेऊन अर्जुनरावांकडं गेला. ते खुर्चीवर मागं रेलून खो खो हसले. "आता पैशे? आरं, तुझा दर तूच लावलास. यंदा तर गवत ढिगानं हाय, दोन ओझी जास्त ने!" दारोदार तेच. पालीत बांधाबांधाला गुडघाभर गवत, ते कुणी फुकट नेत नव्हतं. ठिपकी बसल्या जागी पोट भरून रवंथ करत होती. बंकटचा दर बांधावर पडून होता. धंदा बसला आणि अर्जुनरावांच्याच लॉन्सवर तो पगारी माणूस म्हणून लागला, खुर्च्या मांडायच्या, पत्रावळी उचलायच्या. हिरवळ कापायला मालकांनी पेट्रोलवरची मशीन आणली होती. ती दुसराच चालवायचा.

महाशिवरात्रीला कंकालेश्वराची जत्रा भरते. वैजिनाथ देवाला येणार म्हणून कुणीतरी सांगितलं, तसा बंकट सकाळपासून कुंडाच्या पायरीवर जाऊन बसला. किती काय काय बोलायचं त्यानं मनात जुळवलं होतं! वैजिनाथ आला, सोबत पोरी, अंगानं उंच झालेल्या. बंकटला बघून तो थांबला. टाळलं नाही त्यानं, पायरीवर शेजारी येऊन बसला. गाय कशी हाय, वहिनी कशा हायत, सगळं विचारलं.

"कालवड झाली," बंकट म्हणाला. "वैजू, चुकलो रे मी. लई चुकलो. तुला मशीन मी कशी बी करून आणतो. तू ये परत. तू म्हणशील तो दर."

त्यानं खिशातून बेलाची दोन पानं काढली. सकाळपासून धरून धरून ती मऊ झाली होती. एक त्यानं वैजिनाथपुढं केलं.

वैजिनाथनं त्या पानाकडं बघितलं. मग बंकटची मूठ दोन्ही हातांनी धरून त्यानं ती हळूच मिटवली, पान आतच राहिलं.

"राग न्हाई बंकट्या," तो म्हणाला. "पण मी बेल उचलला की मला तो पाळावा लागतो."

पोरींना हाक मारून तो देवळात गेला. बंकट पायरीवर बसून राहिला. दर्शनाला जाणारी माणसं त्याला ओलांडून जात होती आणि तो प्रत्येकाला वाट करून देत होता.