नाव न ठेवलेलं कुत्रं

कुत्र्यांना भेटायला तिकीट काढून जातात, हे मला या वयात कळलं. मी लेकाला म्हणलं, "अरं, दारात बस की. सकाळपासनं धा येतील भेटायला, फुकट." तो गाडी चालवता चालवता म्हणला, "आई, तसली न्हाई ती. माणसाळलेली असत्यात. मांडीवर येऊन बसत्यात."

"आपलंबी बसायचं की," मी म्हणलं आणि जीभ चावली.

आम्ही दौंडहून परत निघालो होतो. बहिणीच्या नातीचं बारसं होतं. पुढं लेक आणि सून, मागं मी आणि माझी नात. नात चौथीत आहे. चार महिने झाले, ती एकटी शाळेत जात नव्हती. रस्त्यात कुत्रं दिसलं की जागीच थांबायची, माझा पदर मुठीत घट्ट धरायची आणि मान खाली. शाळेतल्या बाईंनी सुनेला सांगितलं, भीती बसलीय, गरीब स्वभावाची कुत्री दाखवा, हात लावू द्या, हळूहळू निघेल. मग लेकानं मोबाईलमध्ये हे ठिकाण शोधून काढलं. सोलापूर रोडला, चौफुल्याच्या अलीकडं. आलोच आहोत तर जाऊ म्हणला.

भीती कशी बसली ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमचं घर न्हावऱ्याला, गावात नाही, वस्तीवर. एकीकडं ऊस, एकीकडं कांदा. पाच-सहा वर्षांमागं कांदाचाळीखाली एक पिल्लू येऊन बसलं ते बसलंच. पिवळं, डावा कान अर्धा तुटलेला. नाव ठेवायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. गाईला नाव असतं, म्हशीला असतं. कुत्र्याला "यू यू" म्हणलं की झालं. तव्यावरची शेवटची भाकरी त्याची. परातीत उरलेलं पीठ गोळा करून थापायची, जरा जाड, वेडीवाकडी. माझ्या सासूनं मला तसं शिकवलं, मी सुनेला. ती भाकरी तव्यावर पडली की ते बरोबर उंबऱ्याबाहेर येऊन बसायचं. आत पाऊल कधी टाकलं नाही.

पावसाळ्याच्या तोंडाला एका दुपारी नात रडत घरी आली. पोटरीला ही एवढी जखम, रक्ताचा ओघळ टाचेपर्यंत. आणि तिच्या मागं कुत्रं, त्याच्या तोंडाला रक्त. मी ओरडले, "चावलं का गं तुला?" तिनं माझ्याकडं बघितलं. मी परत म्हणलं, "चावलंच की! तोंड बघ मेल्याचं!" तिनं मान हलवली. तेवढं मला पुरलं. मी धावत आत गेले आणि जखमेत तिखट भरलं. आमच्याकडं कुत्रं चावल्यावर तेच करायचे. माझ्या आईनंही माझ्या हाताला भरलं होतं. आता डॉक्टर सांगतात असं करायचं नसतं म्हणून, पण त्या वेळी हात आपोआप डब्याकडं गेला. पोर अशी किंचाळली की उसात काम करणाऱ्या बाया बांधावर आल्या. मग शिरूरचा दवाखाना, मग एकामागनं एक इंजेक्शनं.

कुत्र्याचं काय करायचं हा प्रश्न त्याच दिवशी आला. मारायचं कुणी बोललं नाही, आमच्यात मारत नाहीत. भीमेपल्याड सोडायचं. शिरूरकडची सगळी माणसं तेच करतात. नदी ओलांडली की कुत्र्याचा माग तुटतो, ते परत येत नाही, असं धरून चालतात. लेक आणि शेजारचा एकजण पोतं घेऊन त्याच्या मागं घर-गोठा-चाळ फिरले, पण ते हाताला लागेना. शेवटी लेक माझ्याकडं आला. "आई, तूच बोलाव."

मी बोलावलं. हातात त्याचीच भाकरी घेतली आणि पिकअपच्या मागं उभी राहून "यू यू" म्हणलं. आलं. भाकरी आत टाकली, तर उडी मारून वर चढलं, शेपूट हलवत. लेकानं गाडीचा मागचा फाळका लावला. गाडी वळली तेव्हा ते मागनं माझ्याकडं बघत होतं. भाकरीला तोंडही लावलं नव्हतं.

नातीला सांगितलं, मामाच्या शेतावर राखणीला नेलंय. तिनं काही विचारलं नाही. आम्हाला वाटलं, बरं झालं, ब्याद गेली तिच्या डोक्यातनं.

तर ते ठिकाण. बाहेर कुत्र्याच्या तोंडाची मोठी कमान. आत गेल्या गेल्या हात धुवायला लावले, पायात निळ्या पिशव्या घालायला लावल्या. मी म्हणलं, देवळात जाताना एवढं करत नाही आम्ही. तिथं कामाला एक मुलगी होती, पुण्याकडची वाटत होती, बोलायला गोड. माझ्या हातातलं गाठोडं बघून म्हणाली, "आजी, यात खायचं काही आहे का?"

"भाकऱ्या हायत दोन. परवासाला बाहेर पडले की बांधून घेते मी."

"त्या काढू नका हं आत. बाहेरचं खाल्लं की मुलांची पोटं बिघडतात."

"कुणाची मुलं?"

"ही आमची." तिनं कुत्र्यांकडं हात केला. "आम्ही कुत्री नाही म्हणत, मुलं म्हणतो."

"आगं बया. मग ही माझी नात कोण?"

सून तोंडाला पदर लावून हसली. तेवढंच हसू त्या दिवसातलं.

आत फरशी, वर पंखे, भिंतीला मोठाले कूलर. दहा-बारा कुत्री असतील. एक पांढरंधोट, निळ्या डोळ्यांचं, बर्फाच्या मुलखातलं म्हणे. ते कूलरसमोर आडवं पडलं होतं, जीभ बाहेर. माणसं यायची, त्याचा पंजा उचलून हातात घ्यायची, फोटो काढायची आणि पंजा सोडून द्यायची. पंजा फरशीवर पडायचा. ते मान उचलायचं नाही. मला त्याच्याकडं बघवेना. एवढे लाड, आणि त्यातलं त्याचं कोण?

नात दारातच उभी होती, भिंतीला पाठ लावून. लेक तिला चुचकारत होता. मी म्हणलं आपण पुढं होऊ, मग ती येईल. खाली बसले आणि "यू यू" केलं. एकानंही कान हलवला नाही. ती मुलगी म्हणाली, "आजी, त्यांना नावानं बोलवा ना." आणि तिनं एक इंग्रजी नाव घेतलं. लांब कोपऱ्यातनं एकच कुत्रं उठलं, तपकिरी, मोठ्या कानांचं, आणि नेमकं तिच्याकडं आलं. बाकीची जागची हलली नाहीत. मला त्याचं लय नवल वाटलं.

ते तपकिरी कुत्रं मग माझ्या नातीकडं गेलं. त्यानं तिचे पाय हुंगले, मागं गेलं आणि तिच्या पोटरीवर जिथं तो व्रण आहे, तिथंच चाटायला लागलं. पोर ओरडली नाही, पळाली नाही. नुसती उभी. आणि डोळ्यांतनं घळाघळा पाणी.

"भीती वाटती व्हय?" लेक म्हणला. "ऱ्हाऊ दे. चल भाईर."

"मला भीती वाटत न्हाई," ती म्हणाली आणि एकटीच बाहेर गेली.

मी मागनं गेले. हात धुवायच्या नळापाशी उभी होती, नळ चालू ठेवून. मी नळ बंद केला.

"आज्जी, ते चावलंच नव्हतं."

"कोण?"

"आपलं. मी शेततळ्यावर गेले होते. तारंवरनं उतरताना तार लागली. ते नुसतं चाटत होतं."

आमच्या शेततळ्याला काटेरी तारेचं कुंपण आहे. आत प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला, पाय घसरला तर माणूस वर येत नाही. गावातलं एक लेकरू तसं गेलं, तेव्हापासनं लेकानं पोरीला दम दिला होता, तिकडं दिसलीस तर तंगडं मोडीन.

"मग तवा का न्हाई बोललीस?"

"तू म्हणालीस चावलं का. मी मान हलवली. पप्पांनी मारलं असतं."

इंजेक्शन घेताना ती रडली नव्हती, ते आठवलं. आम्ही कौतुक केलं होतं, धीराची पोर म्हणून.

"आन् रस्त्यात कुत्री दिसली की भितीस ती?"

"भीत न्हाई. मला वाटतं, त्यांना समद्यांना कळलंय."

तिनंच डोळे पुसले आणि माझा हात धरून म्हणाली, "आज्जी, आपण मामाकडनं आणू त्याला. मी सांगते पप्पांना समदं. मारलं तर मारू दे."

चार महिने एवढंसं लेकरू हे घेऊन फिरत होतं, आणि आता मार खायला तयार होऊन उभं होतं. आणि मला तिला सांगायचं होतं, की मार खाऊनही ते मिळायचं नाही.

"मामाकडं न्हाई ते, बाळा."

"मग?"

"नदीच्या अल्याड, ह्याच बाजूला सोडलं. पारगावच्या पुलापाशी. मीच बोलावलं त्याला गाडीत. दुसऱ्या कुणाला सापडत नव्हतं."

ती माझ्याकडं बघत राहिली. "तू खोटं बोललीस?"

"व्हय."

"मी पण," ती म्हणाली आणि गाडीकडं चालायला लागली.

गाडीत मी सगळं सांगितलं. लेकानं गाडी कडेला घेतली. मग म्हणला, "निदान शेवटची सुई घेताना तरी सांगायचं की तिनं."

सून म्हणाली, "तुम्ही तंगडं मोडणार होता ना? कशी सांगंल?"

त्यानं पोरीला बोट लावलं नाही. पारगाव आलं तशी त्यानं पूल चढायच्या आधी गाडी थांबवली. सूर्य बुडायला टेकला होता. एक चहाची टपरी, तिच्या मागं बाभळी, आणि खाली पाणी.

"हितंच," तो म्हणला. "त्या बाभळीखाली फाळका उघडला."

"मग ते पळालं का?" पोरीनं विचारलं.

"न्हाई." तो नदीकडं बघत होता. "गाडीमागं आलं. पुलाच्या मध्यापतोर. मग आरशात दिसायचं बंद झालं."

हे त्यानं आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. सुनेनं त्याच्याकडं बघितलं आणि नजर फिरवली.

मी गाठोडं सोडलं. भाकऱ्या हातात घेतल्या आणि हाक मारली, "यू यू! यूऽ यूऽ!" घसा मोठा करून. आधी काहीच नाही. मग बाभळीतनं एक आलं. टपरीमागनं दोन. पुलाखालनं अजून दोन चढून आली. काळं, पांढरं, ठिपक्यांचं, आणि एक पिवळं. पोर त्या पिवळ्याकडं धावली. जिला आम्ही कुत्र्याला भिते म्हणत होतो, तिनं त्या परक्या कुत्र्याची मान दोन्ही हातांत धरली आणि डावा कान बघितला. सबंध होता. मग उजवा बघितला, उगाच. मग एकेकाचे कान बघत गेली.

टपरीवाला मामा सगळं बघत होता. "पलीकडनं आलाव व्हय?" त्यानं विचारलं.

"न्हावऱ्याचं," लेक म्हणला.

"लय आणून सोडत्यात तिकडची लोकं. कुणी म्हातारं झालं म्हणून, कुणी कोंबडी खाल्ली म्हणून." त्यानं गाळणी झटकली. "आन् आमची माणसं आमची तुमच्याकडं सोडत्यात. रातचं पूल मोकळा असतोय. नदीला काय, ती दोन्हीकडनं सारखीच."

"पिवळं बघितलं का, मामा? कानतुटकं?"

"आजी, ट्रकखाली हप्त्याला एक जातंय. कुणाकुणाचं कान बघू?"

पोरीच्या देखत त्यानं असं बोलायला नको होतं. पण खोटं तरी नव्हता बोलला. मी भाकऱ्यांचे तुकडे केले आणि पाचही कुत्र्यांना टाकले. क्षणात संपले. कुत्री अजून माझ्या हाताकडं बघत होती. हाक सगळ्यांना कळली होती. ज्याच्यासाठी मारली, त्याला नेमकं बोलवायला माझ्याकडं दुसरा शब्द नव्हता.

अंधार पडायला लागला तसे निघालो. पुलावर पोर मागच्या काचेला नाक लावून बसली. मध्यावर आल्यावर लेकानं गाडी हळू केली. कुणी मागं आलं नाही.

याला आता महिना होत आला. नात एकटी शाळेत जाते, रस्त्यातल्या प्रत्येक कुत्र्याचा डावा कान बघत जाते. सून म्हणते, चला, भीती तर गेली. मी हो म्हणते.

मागच्या आठवड्यात एक काळं कुत्रं वस्तीवर आलं. पलीकडचंच असणार. गळ्याला जुन्या दोरीचा वळ आहे. चाळीखाली बसतं, पण तोंड रस्त्याकडं. शेवटची भाकरी मी परत थापायला लागले. हाक मारली तर येतं, भाकरी उचलतं आणि लांब जाऊन खातं. परवा मी नातीला म्हणलं, "या खेपेला चांगलं नाव ठेव त्याला. तू ठेवशील तेच."

ती उंबऱ्यात बसून त्याच्याकडं बघत होती. म्हणाली, "नको, आज्जी. त्याला असंल नाव. तिकडं कुणी बोलवत असंल त्याला."