दुखतंय तोंडात, पट्टी दंडावर

काढलेली दाढ काही लोक कागदात गुंडाळून घरी नेतात. किस्से मात्र दवाखान्यातच टाकून जातात, अन् ते झाडूनही निघत नाहीत. परभणीच्या आमच्या दातांच्या दवाखान्यातले सगळे किस्से माझ्या दादाला पाठ होते. तो तिथं कंपाउंडर होता. उन्हाळ्यात पिंगळीच्या रस्त्यावर अपघातात गेला. त्याच्या जागी डॉक्टरांनी मला घेतलं. म्हणाले, "आधी पेशंटला पट्टी समजावून दाखव, मग कायम करू."

पट्टी म्हणजे दुखणं कमी करणारी चिकटपट्टी. दाढ काढली की दंडाच्या कातडीवर लावायची, औषध कातडीतून रक्तात जातं. तोंडात दुखतंय अन् दंडाला लावायचं, हे मलाच कळत नव्हतं. सातवीत शाळा सोडलेला मी, दुसऱ्याला काय सांगणार?

*

पहिले पेशंट चारठाण्याचे पुजारी. दुसऱ्या दिवशी आले ते पट्टी कपाळावर लावून, गंधाच्या जरा वर.

"महाराज, दंडावर सांगितली होती."

"तूच म्हणलास, दुखतंय तिथं लावायची न्हाई. मग दंडापेक्षा ही जागा काय वाईट हाय?"

डॉक्टरांनी पट्टी सोडवून दंडावर लावली. मला तर महाराजांचं पटलं होतं.

*

नंतर एक शेतकरी जोडपं. दाढ बाईची काढली. तपासायला आले तर पट्टी कात्रीनं कापून अर्धी तिच्या दंडावर, अर्धी नवऱ्याच्या.

डॉक्टर म्हणाले, "पट्टी कापायची नसते. अन् तुम्हाला काय झालंय?"

"हिची दाढ दुखायली की ही मला झोपू देत न्हाई. दुखणं दोघांचंच की, सायेब."

*

एका कारकून साहेबांना मी दहादा सांगितलं, दंडावर लावा. लावली. फुल बाहीच्या शर्टावरून. ऑफिसात सगळ्यांना वाटलं संप आहे. दुपारपर्यंत चौघांनी दंडाला काळ्या फिती बांधल्या. फक्त शिपायानं जवळ येऊन हळूच विचारलं, "साहेब, घरात कोण गेलं?"

"दाढ," साहेब म्हणाले.

साहेबांच्याच तोंडून हे ऐकून सगळा दवाखाना हसला. मीही हसलो. मग आत जाऊन उगीच हत्यारं उकळत बसलो.

*

शेवटी एका म्हातारीनंच मला सोडवलं. म्हणाली, "तुला न्हाई सांगता येत, लेकरा. तुझा भाऊ लय सोपं सांगायचा. एस्टीत कंडक्टर मागं दोरी वढतो, घंटी ड्रायव्हरपाशी वाजती. तसं हाय हे."

त्या दिवसापासून मी दादाचीच दोरी ओढायला लागलो. पट्टी कपाळावर नाही, शर्टावर नाही. डॉक्टर म्हणाले, "उद्यापासून तू कायम."

*

घरी येऊन आईला हे सगळं सांगितलं, घंटीसकट. ती भाकरी थापता थापता थांबली. पीठ झटकलं, पदर बाजूला केला अन् दंड माझ्यापुढं धरला.

"मला एक लाव."

"आई, तुझी कुठं दाढ काढलीय?"

"दाढ न्हाई काढली. तू दोरी तर वढ."