कॅनमधलं पाणी
हे सांगणं मी वर्षानुवर्षं टाळलं. परवा स्पिरिटचा वास आला आणि सगळं आठवलं. पत्नीच्या पोटात नळीने द्रव भरून घरीच डायलिसिस चाले. ते पुरतंय का, हे तपासायला दिवसभरात पोटातून निघालेला सगळा द्रव कॅनमध्ये भरून दवाखान्यात न्यायचा होता. कोथरूडहून मी एकटाच निघालो, स्कूटरवर कॅन कलंडला आणि बराच द्रव सांडला. पुन्हा गोळा करायचा कंटाळा. मी नळाचं पाणी ओतून कॅन भरला. पातळ झालेल्या द्रवात घाण कमी दिसली. "रक्ताची सफाई कमी पडतेय, दुपारीही द्रवाची एक पिशवी पोटात भरा," डॉक्टर म्हणाले. "अहो, दुपारी जरा पडायचे, तेही गेलं," मी घरी सांगितल्यावर ती म्हणाली. "तुला डॉक्टरांपेक्षा जास्त कळतं का?" मी म्हणालो. ती असेपर्यंत एकही दुपार तिला मोकळी मिळाली नाही. 'मी पाणी ओतलं होतं, माफ कर,' एवढंच मला म्हणता आलं नाही.